कोळशाच्या स्मोकरमधली पाण्याची परात काढायची आहे; काय काय बदलावे लागेल?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. माझ्याकडे मटण मंद धगीवर धुरात शिजवण्याचा, उभ्या बांधणीचा कोळशाचा स्मोकर आहे. तळाशी कोळशाची टोपली, तिच्यावर पाण्याची परात, परातीच्या वर दोन जाळ्या आणि सगळ्यात वर घुमटी झाकण, अशी त्याची नेहमीची रचना आहे. परातीत चार-पाच लिटर पाणी भरले की जाळीवरचे तापमान 105 ते 120 अंश सेल्सिअसच्या दरम्यान बिनबोभाट टिकते आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती पाण्यामागून येणाऱ्या कटकटींची. आमच्या बोअरचे पाणी जड आहे. परातीला पांढरा थर धरतो आणि त्यात एकदा चरबी मुरली की घासणारा हात टेकतो. शिजवून झाल्यावर उरलेले तेलकट काळे पाणी मोरीत ओतता येत नाही, झाडांना घालावेसे वाटत नाही. शिवाय कोंबडीची कातडी कायम चामट राहते, ती खरपूस होतच नाही.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात मी राहतो, हे खरे. पण पाच लिटर पाणी वाचवणे हा माझा हेतू नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर धागा टँकरच्या दिशेने जाईल.

परात नुसती कोरडी ठेवली तर तापमान झपाट्याने 160 च्या पुढे जाते आणि तिच्यात पडणारी चरबी करपून मटणाला कडवट वास लागतो. तेव्हा प्रश्न असा की पाण्याऐवजी परातीत काय भरावे, की परातच काढून टाकावी, आणि तसे केल्यास हवेच्या झडपा, दार, झाकण यांत कोणते बदल करावे लागतील? मी मुख्यतः बोकडाची मांडी, खांदा आणि आख्खी गावरान कोंबडी करतो.

वाळूजचा फिटर (छत्रपती संभाजीनगर)

प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पाण्याची परात एकाच वेळी तीन कामे करते, आणि पाणी काढले की ही तिन्ही कामे कोणीतरी दुसऱ्याने करावी लागतात. बहुतेक जण त्यांतल्या एकाचाच बंदोबस्त करतात आणि मग स्मोकरला दोष देतात.

पहिले काम आडोशाचे. कोळसा लालबुंद झाला की त्याची धग हवेतून जाण्याची वाट पाहत नाही, ती थेट वरच्या पदार्थावर पडते. मध्ये परात असल्यामुळे ती अडते आणि गरम हवा परातीच्या कडेने वर चढते. दुसरे काम तापमानाला लगाम घालण्याचे. परातीत पाणी आहे तोवर तिचा पृष्ठभाग उकळबिंदूच्या फारसा वर जाऊ शकत नाही, आणि आपल्या पठारावर, समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंचीवर, तो बिंदू 98 अंशांच्या आसपास येतो. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे 300 किलोज्यूल आणि मग त्याची पूर्ण वाफ करायला सुमारे 2257 किलोज्यूल उष्णता लागते. चांगल्या लोणारी कोळशाच्या एका किलोतून 28 ते 30 मेगाज्यूल मिळतात असे धरले तर उडून जाणाऱ्या प्रत्येक लिटर पाण्यामागे 85 ते 90 ग्रॅम कोळसा निव्वळ वाफ करण्यात खर्ची पडतो. चार लिटर पाणी उडाले तर पाव किलोहून बराच जास्त कोळसा मटणाला न लागता आकाशात गेला. तिसरे काम अगदी साधे, ठिबकणारी चरबी झेलण्याचे.

आता पर्याय. वाळू भरावी असे अनेक ठिकाणी सांगितले जाते आणि ते चुकीचे नाही, पण वाळूकडून पाण्याची अपेक्षा ठेवू नये. एका लिटरच्या मापात वाळू पाण्याच्या साधारण एक तृतीयांश उष्णता साठवते, आणि तिला उकळणे नसल्यामुळे तिचे तापमान कुठेही थांबत नाही. ती फक्त चढउतार मंद करते. याचा तोटा असा की तापमान एकदा लक्ष्याच्या पुढे गेले की वाळू ते लवकर खालीही येऊ देत नाही. मातीची जाड परळ आडोशाचे काम उत्तम करते आणि थोडी उष्णताही धरते. चार-पाच मिलिमीटर जाडीची लोखंडी चकतीही चालते. तिच्या आणि स्मोकरच्या भिंतीच्या मध्ये सगळीकडून तीन-चार सेंटीमीटर फट ठेवावी, म्हणजे हवेला वाट मिळते.

यांपैकी काहीही ठेवले तरी चरबीचा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो, कारण कोरडी परात किंवा चकती 200 अंशांच्या पुढे सहज जाते आणि तिच्यावर पडलेला प्रत्येक थेंब करपतो. तुमच्या मटणाला येणारा कडवट वास त्याचाच आहे. उपाय असा की परातीच्या तोंडावर ॲल्युमिनियमचा जाड कागद ताणून बसवावा, मध्ये हलकासा खोलगट ठेवावा आणि तो खालच्या वाळूला किंवा परळीला टेकू देऊ नये. मधली दोन-तीन सेंटीमीटर हवा चरबीला करपण्यापासून वाचवते आणि काम झाल्यावर कागद गुंडाळून टाकून देता येतो.

उरला लगाम. तो हवेनेच घालायचा. पाणी उष्णता खात नसल्यामुळे तेवढ्याच उघड्या झडपांवर स्मोकर कितीतरी जास्त तापणार, म्हणून खालच्या झडपा पूर्वीच्या निम्म्याहून कमी उघड्या ठेवाव्या लागतील. आणि झडपा इतक्या मिटल्या की दार-झाकणाच्या फटींतून शिरणारी हवा हाच मुख्य पुरवठा होऊन बसतो. म्हणून परातीला हात लावण्याआधी फटी बुजवा.

बालाघाट (अंबाजोगाई)

फिटरसाहेबांचे विवेचन मान्य, पण एक मूलभूत आक्षेप नोंदवतो. परदेशी लोक जे मांस तासन् तास शिजवतात त्यात चरबीचे जाळे असते. आपली उस्मानाबादी शेळी ही अंगाने काटक जात आहे, मांडीत चरबी नावापुरती. अशा मटणाला वाफेचा आधार काढून घेतला तर मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत त्याची वातड होणार नाही काय? कोंबडीसाठी पाणी काढा, मांडीसाठी ठेवा, असे माझे मत आहे.

पदार्थविज्ञान (परभणी)

बालाघाट यांची शंका रास्त आहे. तिच्यातला हवेचा भाग तेवढा तपासून पाहू. मे महिन्यात 42 अंश तापमानाची आणि 20 टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा स्मोकरमध्ये शिरून 110 अंशांना तापली की तिची सापेक्ष आर्द्रता एक टक्क्याच्या आसपास येते. श्रावणातली 28 अंशांची, 80 टक्के आर्द्रतेची हवा तशीच तापवली तर ती दोन टक्क्यांच्या आसपास भरते. म्हणजे स्मोकरच्या आत दोन्ही ऋतू जवळपास सारखेच कोरडे असतात. बाहेरच्या हवेवर दोष टाकण्यात अर्थ नाही.

मटणाचा ओलावा मुख्यतः त्याच्या आतल्या तापमानावर ठरतो. आतले तापमान 65 ते 75 अंशांच्या दरम्यान पोचले की ते तिथेच बराच वेळ अडते, कारण पृष्ठभागावरून उडणारे पाणी जवळजवळ तितकीच उष्णता घेऊन जाते जितकी बाहेरून येते. भोवतीची हवा दमट असेल तर हा मुक्काम थोड्या वरच्या तापमानावर होतो, कोरडी असेल तर खालच्या. परातीतल्या पाण्याचा या टप्प्यावर परिणाम होतो, हे खरे. परंतु मटणातल्या चिवट उती विरघळून त्यांचे जिलेटिन होण्यासाठी आतले तापमान अखेर 90 ते 95 अंशांपर्यंत न्यावेच लागते, आणि तेवढ्या तापमानाला स्नायूंनी आपले पाणी पिळून बाहेर टाकलेले असते, मग खाली परात भरलेली असो वा नसो. खाणाऱ्याला जो रसाळपणा जाणवतो तो जिलेटिनचा आणि चरबीचा.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. पाणी काढल्यावर तेच तापमान राखायला कोळसा कमी जळतो, कोळसा कमी जळतो म्हणून हवा कमी लागते, आणि हवा कमी वाहिली की मटणातून निघालेली वाफच आत जास्त वेळ रेंगाळते. फटी बुजवलेल्या स्मोकरमध्ये पाण्याविना मटण वाळते ही भीती म्हणूनच पुष्कळशी अनाठायी आहे. फटी तशाच ठेवल्या तर मात्र बालाघाट म्हणतात तेच होईल.

उदगीरहून टेक्सासला

मी मूळचा उदगीरचा, इकडे बरीच वर्षे झाली. परातीच्या या उभ्या स्मोकरचा नमुना वेबर कंपनीने 1981 मध्ये बाजारात आणला आणि तेव्हापासून त्यात पाणी घालावे की घालू नये हा वाद इकडे मिटलेला नाही. कुंडीखालची मातीची बशी कागदात गुंडाळून परातीत ठेवणारे पुष्कळ आहेत. मीही त्याच पंथातला.

पण एक पर्याय वर आलेला नाही. आडोसाच काढून टाकायचा, परात नको, वाळू नको, आणि मटण आकड्यांना टांगून थेट कोळशावर लोंबते ठेवायचे. चरबी निखाऱ्यावर पडते, तिचा धूर होतो आणि त्या धुराची चव वेगळीच असते. यासाठी निखारा आणि मटणाचे खालचे टोक यांत किमान 45 सेंटीमीटर अंतर हवे आणि हवा अत्यंत काटेकोर हवी, कारण झाकण उघडे राहिले की चरबी भडकते. कोंबडीचे दोन भाग करून टांगले तर हा प्रकार अप्रतिम होतो. मांडीसाठी मी तो सुचवणार नाही. बोकडाच्या मांडीचे नळीकडचे टोक बारीक आणि वरचा भाग जाड असतो, त्यामुळे टोक करपते आणि जाड भाग कच्चा राहतो.

कोळसा पेटवण्याची पद्धतही बदला. सगळा कोळसा पेटवून टोपलीत ओतू नका. टोपली न पेटलेल्या कोळशाने भरा आणि वर मधोमध मूठ-दोन मुठी निखारे ठेवा. याला इकडे मिनियन पद्धत म्हणतात. आग वरून खाली हळूहळू उतरते आणि पाण्याने जो लगाम घातला असता त्यातला बराचसा भाग यातूनच साधतो.

मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे आभार. मिनियन पद्धतीबद्दल एक अडचण विचारतो. आमच्याकडे मिळतो तो लोणारी कोळसा एकसारखा नसतो. पोत्यात मनगटाएवढे ओंडके असतात आणि तळाशी चुरा असतो. ओंडक्यांच्या मधल्या पोकळीतून आग एकदम खाली उतरते, चुऱ्याने हवा कोंडते. यावर काय करावे?

दुसरे, दाराभोवती लावायला दोरी घेण्यासाठी बाजारात गेलो तेव्हा दुकानदाराने बॉयलरला वापरतात ती पांढरी दोरी पुढे केली आणि हीच सगळे नेतात असे सांगितले. घ्यावी का?

वाळूजचा फिटर (छत्रपती संभाजीनगर)

दोरीचे आधी. ती ॲस्बेस्टॉसची असेल तर घेऊ नका. बॉयलरच्या सामानात ती अजून सर्रास मिळते, पण तिचे तंतू फुप्फुसात गेले तर कर्करोग होऊ शकतो, आणि दार उघडताना-लावताना ते तंतू झडतच राहतात. काचतंतूंची विणलेली दोरी मागा. पाकिटावर तसे लिहिलेले नसेल तर दुकान बदला. दाराच्या कडेला ती उष्णतारोधक सिमेंटने चिकटवावी. झाकणाच्या कडेला तापमान कमी असते, तिथे उष्णतारोधक लाल सिलिकॉन चालते. मात्र ते कोळशाच्या जवळ वापरायचे नाही आणि लावल्यावर पूर्ण वाळेपर्यंत स्मोकर पेटवायचा नाही.

फट कुठे आहे हे डोळ्यांना दिसत नाही. संध्याकाळी वारा पडल्यावर आत थोडा ओला पाला धुमसवा, वरचे धुराडे क्षणभर झाका आणि धूर कुठून डोकावतो तिथे खडूने खूण करा. दाराची बिजागरी वाकलेली असते हे निम्म्या वेळा निघते, आणि ती सरळ केली तर दोरीची गरजही अर्धी होते. ही चाचणी झाली की धुराडे लगेच मोकळे करा. शिजवताना ते कधीही बंद ठेवायचे नाही. तापमान खालच्या झडपांनीच आवरायचे. वरून कोंडले तर आग गुदमरते, पांढरा दाट धूर निघतो आणि मटणावर डांबरट, जिभेला झोंबणारा थर बसतो. धूर पातळ आणि निळसर दिसला पाहिजे.

कोळशाबद्दल: ओंडके हातोडीने फोडून लिंबाएवढे करा, चुरा चाळून बाजूला काढा आणि टोपली भरताना पोकळ्या छोट्या तुकड्यांनी बुजवत जा. कंटाळवाणे काम आहे, पण पाण्याविना चालवायचे तर कोळशाची रचना हाच खरा पाया. आमच्याकडे हुरड्याच्या आगटीत गोवऱ्यांचा विस्तव राखेखाली कसा दाबून ठेवतात ते आठवा. सगळे कौशल्य विस्तवाला किती हवा मिळू द्यायची यातच असते.

मोसंबीची बाग (जालना)

धुरासाठी लाकडाचा विषय निघाला नाही म्हणून दोन ओळी. मोसंबीच्या छाटणीचे मनगटाएवढे तुकडे वर्षभर सावलीत वाळवलेले असतील तर त्यांच्याइतका सौम्य धूर मला दुसऱ्या कशाचा माहीत नाही. आंबा आणि पेरूही चांगले. बाभळीचा धूर उग्र असतो, बेताने वापरावा. कण्हेरीचे लाकूड कोणत्याही परिस्थितीत नको, ते विषारी आहे. रंग दिलेली फळकुटे, प्लायवूड आणि नुकतीच फवारणी झालेल्या झाडाची छाटणीही नको. तुकडे पाण्यात भिजवण्याची गरज नसते. भिजवले तर आधी पाणी उडते आणि तोवर नुसती वाफ येत राहते.

गोदाताई (नांदेड)

बालाघाट दादांच्या कोरड्या मांडीवर स्वयंपाकघरातला इलाज सुचवते. खाटकाकडून पोटातला चरबीचा पातळ जाळीदार पडदा मागून घ्यावा. बहुतेक वेळा तो फुकटच देतो किंवा वजनात टाकतो. मांडीला मीठ आदल्या रात्री चोळून ठेवावे, म्हणजे ते आतपर्यंत उतरते. मसाला लावल्यावर हा पडदा मांडीवर पसरून कडा खाली खोचाव्यात. तो हळूहळू वितळत राहतो आणि पृष्ठभाग वाळू देत नाही, आणि अखेरीस त्याचा कुरकुरीत पापुद्रा उरतो, त्यावरून आमच्या घरात भांडणे होतात. आतले तापमान 70 च्या आसपास अडले आणि रंग मनासारखा आला की मांडी केळीच्या पानात गुंडाळून वरून ॲल्युमिनियमचा कागद लावावा आणि पुन्हा आत ठेवावी. अर्धापूरकडे केळीच्या बागा असल्याने आम्हाला पानांची ददात नाही. नसतील तर नुसता कागदही चालतो, फक्त तो पानाचा वास मिळत नाही.

मातीच्या परळीविषयीही सांगते. कुंभाराकडून जाड बुडाची आणि बिनरोगणी घ्यावी, टिचकी मारून खणखणीत वाजते का पाहावे. नवी परळ लगेच तापवू नये. ती उन्हात दोन-तीन दिवस ठेवून पहिल्यांदा अगदी मंद आचेवर तापवावी, कारण मातीत मुरलेले पाणी एकदम वाफ झाले की ती तडकते. याच कारणाने ती धुऊन लगेच वापरायची नाही.

पिंपवाला (हिंगोली)

ज्यांच्याकडे तयार स्मोकर नाही त्यांच्यासाठी लिहितो. दोनशे लिटरचे लोखंडी पिंप, म्हणजे साधारण 57 सेंटीमीटर व्यासाचे आणि 85 ते 88 सेंटीमीटर उंचीचे, यात परात नसलेला स्मोकर सुरुवातीपासूनच करता येतो. तळाजवळ पाऊण इंची तीन-चार छिद्रे, त्यांना नळाच्या कामातले व्हॉल्व, टोपली तळापासून थोडी उचललेली आणि जाळी वरच्या कडेपासून वीतभर खाली. पिंप खाद्यतेलाचे घ्यावे, रसायनांचे नको. आतून रंग किंवा लेप दिलेला असेल तर मोकळ्या जागी लाकडे पेटवून तो पूर्ण जाळून, खरवडून काढावा.

जस्ती पत्र्याची बादली किंवा जाळी कोळशाजवळ वापरू नका. जस्त 419 अंशांना वितळते आणि निखाऱ्याचे तापमान त्याहून बरेच जास्त असते. त्याची वाफ अंगात गेली तर ताप भरतो. जर्मनची परात आडोसा म्हणून ठेवणारेही पाहिले आहेत. ती पोक काढून वाकते. लोखंडच घ्या.

नाथसागर (पैठण)

मासे करणाऱ्यांनी पाणी काढू नये, असे मला वाटते. राहू-कटल्याच्या तुकड्यांना 80 ते 90 अंशांची मंद धग पुरते आणि ती कोळशावर पाण्याविना राखणे फार अवघड जाते. बाकी चर्चा मटणाची आहे, म्हणून एवढेच.

बालाघाट (अंबाजोगाई)

परभणीकरांचे हवेचे गणित पटले. गोदाताईंचा पडदाही करून पाहीन. पाण्याबद्दलचे माझे मत अर्धे बदलले आहे असे समजा: ज्याला कोळशाजवळ बसून राहायला वेळ नाही त्याने पाणीच ठेवावे. परातीतले पाणी विसरभोळ्या माणसाला सांभाळून घेते, वाळू आणि परळ तसे करत नाहीत.

मांजराकाठ (लातूर)

आतापर्यंतचे सांगतो. बिजागरी खरोखरच वाकलेली निघाली. ती सरळ करून काचतंतूंची दोरी लावली, परातीत परळ पालथी ठेवली आणि वर कागद ताणला. कोळसा फोडून रचला आणि वर थोडेच निखारे ठेवले. खालच्या तीन झडपांपैकी दोन पूर्ण बंद आणि एक बोटभर उघडी, एवढ्यावर जाळीवरचे तापमान 115 ते 125 या पट्ट्यात राहते आणि वारा सुटला तरच हलते. मांडीचा बाहेरचा थर पाण्याच्या वेळेपेक्षा कितीतरी गडद आणि कोरडा खरपूस होतो आणि आतून ती सुटी होते. कडवट वास पूर्ण गेला. कोळसाही पूर्वीपेक्षा स्पष्टपणे कमी लागतो.

दोन गोष्टी उरल्या आहेत. झाकणावरचा काटा आणि जाळीवर ठेवलेला तापमापक यांत पाणी असताना फारसे अंतर नसे. आता ते पंधरा-वीस अंशांचे पडते. कोणावर विश्वास ठेवायचा? आणि एकाच विस्तवावर आधी मांडी आणि मग कोंबडी करायची झाल्यास तापमान वर कसे न्यावे?

वाळूजचा फिटर (छत्रपती संभाजीनगर)

जाळीवरच्या तापमापकावर. पाण्याविना आतली उष्णता एकसारखी पसरत नाही. कडेने गरम हवा वर चढते आणि मधला भाग परळीच्या आडोशात राहतो, म्हणून तापमापकाचे टोक मटणापासून चार-पाच सेंटीमीटरवर, पण भिंतीपासून लांब ठेवा. तो खरा बोलतो की नाही हे उकळत्या पाण्यात बुडवून पाहा. लातूरला त्याने 98 च्या आसपास दाखवले पाहिजे, 100 दाखवले तर दोन अंश वजा करून वाचत जा. मांडीही मध्येच एकदा अर्धवट फिरवावी, म्हणजे दाराकडची बाजू आणि मागची बाजू यांतला फरक मिटतो.

कोंबडीचा क्रम तुम्ही बरोबर लावला आहे, आधी मांडी आणि नंतर कोंबडी. पाणी असते तर त्या परातीने 120 च्या वर फारसे जाऊच दिले नसते. आता मांडी काढून घेतल्यावर परळ आणि कागद चिमट्याने बाहेर काढा, तिन्ही झडपा उघडा आणि टोपली हलकेच हलवून राख खाली पाडा. परळ गरम असताना तिच्यावर पाणी पडू देऊ नका आणि ती फरशीवरही ठेवू नका, विटेवर ठेवा. तापमान चढताना लक्ष्याच्या पंधरा अंश आधीच झडपा मिटायला सुरुवात करायची, कारण स्मोकरचा पत्रा पुढे थोडा वेळ स्वतःच्याच जोरावर तापत राहतो. 155 ते 165 च्या दरम्यान कोंबडी ठेवा. मांडीच्या सांध्याजवळ हाडाला न टेकता मोजलेले तापमान 74 च्या वर गेले की ती झाली, आणि कातडीची तुमची तक्रारही इथेच मिटते.

काम संपल्यावर सगळ्या झडपा आणि धुराडे बंद करून आग कोंडा. उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामी येतो. मात्र हे करताना स्मोकर उघड्यावरच राहू द्या, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा खोलीत ओढू नका, कारण कोंडलेला निखारा कित्येक तास कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो आणि त्याला वास नसतो. जवळपास कडब्याची गंजी असेल तर वाऱ्याची दिशा पाहूनच स्मोकरची जागा ठरवा. राख दुसऱ्या दिवशी, हात लावून थंड असल्याची खात्री केल्यावर काढा. परळीवरचा काळा डाग घासत बसू नका. पुढच्या वेळी ती डागाळलेली बाजू खाली, विस्तवाकडे करून ठेवली की तो आपोआप जळून जातो.